लाल ओळ

ट्रॉयनच्या सांस्कृतिक भवनात, वरच्या खोलीत, स्तोयांकाबाई मुलांना कॉम्प्युटर दुरुस्त करायला शिकवत. आज दुपारी भवनाची मंडळी पाहणीला येणार होती. मुख्य मशीन अधूनमधून बंद पडत होतं; त्यांच्यासमोर तसं झालं, तर खोली लोकनृत्याच्या पथकाला जाणार होती.

तरी बाईंनी स्वतः हात लावला नाही. मुलांपैकी रालित्साला मशीनपुढे बसवून त्या शेजारच्या खुर्चीत बसल्या.

रालित्साने मेमरीच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढून तपासणी लावली. पडद्यावर लाल ओळ उमटली: मेमरीतली चूक आणि तिच्या नेमक्या जागेचा पत्ता. तिने दुसरी पट्टी लावली. पत्ता तोच. पट्टीची खाच बदलली. तोच. कपाटातली कोरी पट्टी लावली. तोच.

"ह्याला चेटकिणीने झपाटलंय," मागून क्रास्यो पुटपुटला.

"मग तिलाही सांग, एका वेळी एकच गोष्ट बदलायची," रालित्सा म्हणाली.

बाईंनी हसू दाबलं. नियम त्यांचाच होता.

रालित्साने शेजारचं धडधाकट मशीन घेतलं. बाईंनी खुर्ची तिकडे सरकवली. पुन्हा तोच पत्ता. तिने क्रास्योला आपल्या जागी बसवून पाहिलं, मग त्याच्यासकट सगळ्या मुलांना अंगणात पिटाळलं. लाल ओळ हलली नाही. खोलीत उगाच गार वाटू लागलं.

मार्चमध्ये शुभ म्हणून मनगटाला बांधलेल्या लाल-पांढऱ्या दोऱ्याशी चाळा करत ती बाईंकडे वळली.

"बाई, रागावू नका. सगळं बदलून झालं. आता तुम्हीच राहिलात. जरा बाहेर थांबाल?"

इतक्या वर्षांत बाईंवर संशय घेण्याचं धाडस एकाही विद्यार्थ्याने केलं नव्हतं. बाईंचा ऊर अभिमानाने भरून आला. त्या बाहेर गेल्या आणि दार लावून काचेतून पाहू लागल्या.

रालित्साने तपासणी पुन्हा लावली.

लाल ओळ आली.

ती बाईंच्या रिकाम्या खुर्चीकडे वळली. नजर माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर.

"बाई, तुम्हाला बाहेर थांबायला सांगितलं ना मी?"

आवाजात भीती नव्हती, चीडही नव्हती. बुजऱ्या पोरांशी बाई बोलत, तसाच तो होता. किती छान शिकली, काचेबाहेर बाईंच्या मनात आलं.

रालित्साची नजर हळूहळू वर गेली, खुर्चीतून कोणी उठून उभं राहावं तशी. मग खुर्चीपासून दारापर्यंत सरकली.

पडदा स्वच्छ झाला.

रालित्सा जागची उठली नव्हती. दाराची मूठ आतून खाली वळली.