एक कनू, एकोणीस माणसं

आज तू क्लबात नाव घातलंस, तेव्हा हे माझ्याच तोंडून ऐकलेलं बरं. बस त्या खोक्यावर. दिवा जरा इकडे सरकव.

आता इथे पाय ठेवायला जागा नसते, पण सहा वर्षांपूर्वी आम्ही नऊच सभासद होतो. धक्क्यावरची ही पत्र्याची शेड आणि तीन कनू, म्हणजे वल्ह्यांनी चालवायच्या लांबट, निमुळत्या होड्या. मी शिवणकाम करायची आणि उरल्या वेळात क्लब चालवायची. म्हणजे वल्ही घासायची, लाइफजॅकेटांना टाके घालायचे आणि रविवारी न येणाऱ्यांची फोनवर मनधरणी करायची. आमचे हे सगळ्यांना सांगत, "बायको बेटाला प्रदक्षिणा घालते. पुण्य कुठे जमा होतं, देव जाणे!"

त्या दुपारी मोठ्या कनूला वॉर्निश लावायचं होतं. चौघं जमलो होतो. मी, माझी नणंद, पोस्टमन आणि बेकरीवाला. नणंद शाळेची मुख्याध्यापिका. पाण्यात उतरली तरी वर्गातच उभी असल्यासारखी बोलते. डब्याचं झाकण निघेना म्हणून बेकरीवाला त्याच्याशी झटत होता, तेवढ्यात धुकं उतरलं. हळूहळू नाही. कुणी चादर टाकावी तसं. धक्क्याचं टोक दिसेनासं झालं आणि पाण्याचा आवाजही दबला.

माझा फोन वाजला. हे पलीकडच्या गावाहून डोळ्याचं ऑपरेशन करून लाँचने परतत होते.

"अगं, इंजिन बंद पडलंय," ते म्हणाले. आवाजात नेहमीची थट्टा नव्हती. "नांगर टाकलाय, पण धरत नाहीये. एकोणीस जण आहोत. आणि... खडकांवर पाणी आपटतंय ना, ते ऐकू येतंय गं."

बचाव बोटीला यायला सव्वा तास लागणार होता. बेटावरच्या इंजिनाच्या होड्या ओहोटीमुळे खाडीतल्या गाळात रुतून बसल्या होत्या. कनूला मात्र वीतभर पाणी पुरतं.

"वहिनी, वल्ही काढ," नणंद म्हणाली. लाँचमध्ये तिचा सख्खा भाऊ होता.

"चार माणसं लाँच ओढणार?" बेकरीवाल्याने विचारलं.

"नाहीतर बस इथे, त्या डब्याशी भांडत."

तो डबा टाकून कनूत बसला.

दिशा धरायला मी मागे बसले, पोस्टमन पुढे. मधलं अंतर पंधरा हातांचं, पण मला त्याची पाठ दिसत नव्हती. लाँचवरची घंटा कुणीतरी वाजवत होतं; कधी ती डावीकडून ऐकू यायची, कधी पाठीमागून. मी पाण्याच्या ओढीवरून अंदाज बांधत गेले. अर्ध्या वाटेत एक वास आला. वर्षानुवर्षं न उघडलेल्या विहिरीचा असतो ना, तसा गार, जुना.

मग धुक्यात एक पांढरा ठिपका दिसला. ह्यांच्या डोळ्यावरची पट्टी! लाँच आमच्या अंगावरच आली होती. तिच्यामागे खडक पाणी ओढून घेत होते. मोठं जनावर श्वास घेतं तसा आवाज. लहान मुलं रडत होती. ह्यांनी दोर फेकला, मी तो मागच्या कडीला बांधला आणि ओरडले, "वल्ही मारा!"

आम्ही मारली. हाताची सालं निघाली. नणंद आकडे मोजत होती, शंभरावर गेली, तरी आम्ही होतो तिथेच. बेकरीवाला रडवेला झाला. दोर सोडून द्यावा का, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. खोटं कशाला बोलू?

आणि तेव्हा कनू हलली.

पुढचं टोक किंचित खाली गेलं. दोर ताणला गेला, लाँच करकरली आणि आमच्या मागोमाग निघाली. लाँचवरून आनंदाची आरोळी उठली.

"मागून कोण एवढा जोर लावतंय?" पोस्टमनने न वळता विचारलं.

"कुणी नाही... आम्ही तेवढाच लावतोय," मी म्हणाले.

"मी तर..." तो थांबला. "मी तर वल्हं उचललंय."

आम्ही तिघांनीही आपापली वल्ही पाण्याबाहेर काढली.

कनू चालतच होती. सरळ, एका वेगात, ओहोटीच्या उलट.

"थांबू नका," नणंद अगदी हलक्या आवाजात म्हणाली. "मारत राहा. आपण ओढतोय... आपणच ओढतोय."

तसं म्हणत म्हणत आम्ही धक्क्याला लागलो. अख्खं बेट तिथे जमलं होतं. एकोणीसच्या एकोणीस जण आपल्या पायांनी उतरले! पोस्टमनला लोकांनी खांद्यावर घेतलं. बेकरीवाल्याने भट्टीतलं सगळं वाटून टाकलं. ह्यांनी चारचौघांत मला मिठी मारली. तीस वर्षांत पहिल्यांदा. आठवड्याभरात एकसष्ट जणांनी क्लबात नाव घातलं, त्यात पहिलं ह्यांचं. एवढी ताठ मान घेऊन मी आयुष्यात कधी चालले नव्हते.

पण त्या संध्याकाळी, सगळे गेल्यावर, मी आणि नणंद कनू वर घ्यायला आलो. मागच्या कडीचा दोर सोडला. कनू हलेना. पुढे जाऊन बघितलं, तर तिथल्या कडीलाही एक दोर बांधलेला. काळा, मनगटाएवढा जाड. दुसरं टोक सरळ खाली, पाण्यात. ताठ.

आमच्यापैकी कुणीही तो बांधला नव्हता.

मी त्याला हात लावला. खालून दोनदा ओढ बसली... सावकाश. दाराबाहेर ताटकळलेल्या माणसाने कडी वाजवावी तशी.

नणंदेने सुरीने दोर कापला. तो आवाज न करता पाण्यात गेला. गाठ मात्र आम्हाला सुटली नाही, म्हणून तशीच आहे.

ती बघ, वर टांगलेली कनू. त्या दिवसापासून आम्ही ती पाण्यात घातलेली नाही. सहा उन्हाळे ह्या तापलेल्या पत्र्याखाली काढलेत तिने.

हात पुरतोय ना तुझा? लाव बोट त्या गाठीला.

ओली आहे ना?