एफ ड्राईव्हचा संशय

आदिनाथ आला होता पासपोर्ट फोटो काढायला. पण पंकजा कॉम्प्युटरलाच झापत होती.

"मेल्या, जुन्या मशीनवर तर नीट चालत हुतास!"

"मला म्हणताय?" दारातून आवाज आला... हसरा. तिला तिथंच संशय आला.

राजूरच्या पेठेतल्या तिच्या स्टुडिओत लोक आता लग्नाच्या जुन्या सीड्या पेनड्राईव्हवर उतरवून घ्यायला येत. नव्या कॉम्प्युटरवर सीडी उतरवायचं सॉफ्टवेअर एकच रडगाणं गाई – ड्राईव्ह सापडत नाही.

आदिनाथ नागापूरच्या एमआयडीसीत कामाला, रविवारी गावी यायचा. "माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स हाय, तिथं हेच मस्त चालतं," म्हणत त्यानं सीडी उतरवून बघायला आपला पेनड्राईव्ह खोचला. मग तिनं सीडीचा ड्राईव्ह जोडला. त्यानं सेटिंगची फाईल उघडून ड्राईव्हच्या नावापुढं कॉम्प्युटरनं त्याला दिलेलं अक्षर 'एफ' लिहिलं. सीडी गरगरली.

सोमवारी बनुबाई लेकीच्या लग्नाची सीडी घेऊन आल्या. मांडवात हसणारा त्यांचा नवरा आता त्या सीडीतच उरला होता, आणि सीडी दिवसेंदिवस अडखळत होती. पण पुन्हा तेच... ड्राईव्ह सापडत नाही! सीडी ठेवून त्या घरी गेल्या.

पुढच्या रविवारी आदिनाथ आला, त्यानं पेनड्राईव्ह खोचला, तिनं ड्राईव्ह जोडला, सगळं सुरू. बनुबाईंची सीडी निम्मी उतरली आणि लाईट गेली, तो एसटीला पळाला. लाईट आली... पुन्हा बंद. दुसऱ्या दिवशी बनुबाई येऊन रिकाम्या हातानं परतल्या.

हा आला की चालतं, हा गेला की बिघडतं? तिचा आधीचा भागीदार गिऱ्हाइकांची लग्नंच्या लग्नं पेनड्राईव्हात भरून पळाला होता. तेव्हापासून पेनड्राईव्ह खोचणाऱ्या पुरुषावर तिचा भरवसा नव्हता, डोळे कितीही छान असोत.

त्यापुढच्या रविवारी तिनं त्याला मुद्दाम बोलावलं आणि फर्मावलं, "तिथं बसा. कशाला हात लावायचा न्हाई."

तिनं नुसता ड्राईव्ह जोडला – बंद. तो काढून आधी त्याचा पेनड्राईव्ह, मग ड्राईव्ह – चालू! स्क्रीनवर तिनं नीट पाहिलं.

"तुमचा पेनड्राईव्ह 'ई'ची जागा अडवतो, म्हणून माझा 'एफ'वर सरकतो. तुमी गेलात की परत 'ई'वर!"

"लिनक्समधी अशी अक्षरं नसतात, त्यामुळं ध्यानात..."

"खरं बोला."

तो चुळबुळला. "गेल्या खेपेलाच आलं ध्यानात. सांगितलं असतं, तर आज बोलावलं असतं का?"

"बनुबाई रडत गेल्या घरी," ती हळू म्हणाली. "सीडी मधीच गेली असती म्हंजे?"

त्याचं हसू विझलं. "चुकलं माझं. लई चुकलं."

तिनं पेनड्राईव्ह काढून त्याच्या हातावर ठेवला, फाईलमध्ये 'एफ'चा 'ई' केला. सीडी फिरली, अडखळली... आणि स्पीकरमधून बनुबाईंचा नवरा खदखदून हसला. शेवटपर्यंत उतरली सीडी.

आदिनाथ मुकाट्यानं उठला. आता यायला निमित्तच उरलं नव्हतं.

"थांबा," पंकजानं डोळे बारीक केले. "पासपोर्ट फोटोला आला हुतात ना? इतके रविवार गेले, काढला का न्हाई?"

तो दारात वळला. "तुमी तरी कुठं आठवण केली?"

ती कानापर्यंत लाल. मग तिनं फोटोचा दिवा लावला, स्टूल पुढं सरकवलं.

"बसा. हनुवटी वर... आणि खरं हसायचं. हितनं पुढं तपासणार हाय मी – दर रविवारी."