शनिवारी उतरणारी तार

"तुझी बोटं वाद्यासाठी नाहीतच गं, पोरी..."

लहानपणी गिटार शिकवणाऱ्या बाईंचा तो थकलेला, गोड आवाज मावशीच्या कानात अजून तसाच होता. म्हणून तर भाचीला पहिली गिटार घ्यायला ती दुकानात शिरली, ती हात खिशात खुपसूनच.

भाचीने थेट मोठ्या लाल गिटारला मिठी मारली. वर नुसते डोळे उरले.

"ही तुला वाजवेल, तू हिला नाही," तारा चढवता चढवता दुकानदार हसला. त्याने एक छोटी गिटार काढून दिली, नायलॉनच्या मऊ तारांची. भाचीने तार छेडली... टण्ण! ती दचकली, मग खुदकन हसली.

"आता मावशींनी," दुकानदार म्हणाला.

"छे! माझी बोटं त्यातली नाहीत."

"कोण म्हणालं?"

"बाई... लहानपणी."

"तेव्हा हातात गिटार कुणाची होती?"

"बाबांची."

त्याने लाल गिटारकडे बोट केलं. "एवढी?"

मावशीने मान डोलावली. इतकी वर्षं बोटांना बोल लावला, आणि चूक होती मापाची! खिशातले हात हळूच बाहेर आले.

त्यानंतर दर शनिवारी छोट्या गिटारची एक तार उतरू लागली. मावशी लगबगीने दुकान गाठायची. तो कान लावून खुंटी पिळायचा, मग तिची बोटं तारेवर नीट बसवून द्यायचा — स्पर्श झाला, न झाला... ओठांवर आलेलं ती तसंच घरी घेऊन जायची.

एका शनिवारी भाचीही हट्टाने बरोबर आली.

"अगं मावशी, सकाळी तर सुरात होती!"

मावशीचे कान तापले. दुकानदाराने गिटार उलटीसुलटी करून पाहिली. "हिच्यातच दोष दिसतोय. बदलून देतो. उगाच तुम्हाला दर शनिवारी हेलपाटे नकोत."

"माझी नाही बदलायची!" भाचीने गिटार छातीशी धरली. डोळे भरून आले.

मावशीने तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"गिटार चांगली आहे हो," ती म्हणाली. "खुंटी मीच सैल करते... हेलपाटा चुकू नये म्हणून."