चौकटीबाहेरची फुली

बाक एकच होता आणि बसणारे दोन.

मतदानाच्या दिवशी पक्षांच्या प्रतिनिधींना एरवी वेगवेगळ्या खुर्च्या मिळायच्या. पण लिबर्टीच्या शाळेतल्या खुर्च्या आदल्या दिवशीच कुणी लग्नाला नेल्या होत्या. म्हणून कंदीलवाल्यांच्या इंद्रानी रामकेलावनला वल्हंवाल्यांच्या माणसाशेजारी बसावं लागलं.

कंदील ही निशाणी कुणाची आणि वल्हं कुणाची, हे गयानाच्या त्या किनाऱ्यावर लहान पोरालाही ठाऊक असतं. कालव्याच्या अलीकडे पेशन्स, उसाच्या मळ्यांवर जहाजातून आणलेल्या हिंदुस्तानी मजुरांच्या पतवंडांचं गाव. पलीकडे लिबर्टी, त्यांच्याही आधी साखळदंडात आणलेल्या आफ्रिकन माणसांनी सुटका झाल्यावर वर्गणी काढून विकत घेतलेलं. दोन्ही गावांची पंचायत एक. जागा नऊ, आणि त्यांतल्या पाच कायम कंदिलाच्या.

"थोडं सरकता का?" इंद्रानी म्हणाली.

"सरकलो तर पडेन," तो म्हणाला. "आणि मी पडलो तर तुमच्या चाचांचा फायदा."

तिने मान वळवून पाहिलं. उंच, सावकाश बोलणारा, बोटांवर ग्रीसचे डाग. याला तिने लांबून पाहिलं होतं… कालव्याच्या तोंडावरच्या कोकरचं ते लाकडी दार भरतीला पाडून ओहोटीला उचलणारा, कालव्याचं पाणी समुद्रात सोडणारा ऑरिन तो हाच.

"बद्री चाचा माझे सख्खे काका आहेत," ती म्हणाली.

"आणि आमची उमेदवार वेनेल्डा माझी सख्खी आंटी. म्हणजे आपण दोघंही लाचार."

तिला हसू आलं, ते तिने मतदारयादीत लपवलं. पण दुपारी तिच्या डब्यातली डाळपुरी त्याच्याकडे गेली आणि त्याचा वाटाणाभात तिच्याकडे आला.

"तिखट आहे," ती डोळे पुसत म्हणाली.

"आंटी म्हणते, तिखट खाऊन जो गप्प राहतो, त्याच्यावर विश्वास ठेवावा."

"मी गप्प कुठे राहिले?"

"तेच तर… तरीही ठेवावासा वाटतो," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच थोडा गोंधळला.

संध्याकाळी मोजणी झाली. बाकीच्या आठ जागा चार-चार वाटल्या गेल्या होत्या, उरली होती ही एक. बद्री चाचा दोनशे अकरा, वेनेल्डा दोनशे अकरा, आणि टेबलावर एक मतपत्रिका उरलेली. त्यावरची फुली थरथरत्या हाताची, मोठी. तिचा एक पाय चौकट ओलांडून कंदिलाच्या घरात गेलेला.

मत बाद झालं तर चिठ्ठी टाकायची. धरलं तर वेनेल्डा एका मताने निवडून येणार, आणि पंचायतीतल्या पाच जागा पहिल्यांदाच वल्ह्याच्या होणार.

"कुणाची हरकत आहे का?" केंद्रप्रमुखांनी विचारलं. त्यांची नजर इंद्रानीवर होती. तिने नुसतं "आहे" म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ऑरिन जमिनीकडे पाहत होता.

"हरकत नाही," इंद्रानी म्हणाली. "फुलीच्या दोन रेघा वल्ह्याच्या घरात छेदतात. त्या माणसाला काय म्हणायचंय ते स्पष्ट आहे."

घरी बद्री चाचा तिच्या आधीच पोचले होते. "त्या काळ्याच्या शेजारी दिवसभर बसलीस, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं," ते म्हणाले. "घरची पोरगी आणि घरालाच आग."

"मत देणाऱ्याचं होतं, चाचा. मी ते दिलं नाही, फक्त वाचलं."

तिचे वडील भाताची बी निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही. त्या आठवड्यात पेशन्समधल्या तीन बायांनी तिच्याकडे शिवायला टाकलेलं कापड परत नेलं.

ऑरिन चौथ्या दिवशी आला. फाटकाबाहेरच उभा राहिला, हातात अननसाच्या टार्टची पुडी. "आंटीने दिलीय. आभार म्हणून."

"टार्ट ठेवते. आभार परत घेऊन जा." तिचा आवाज कोरडा होता. "मी तुझ्या आंटीसाठी केलं नाही. तुझ्यासाठी तर नाहीच."

"ठाऊक आहे."

"मग लक्षात ठेव. एक दिवस तुझ्यावर पाळी येईल."

तो निघाला. वळणावर त्याने मागे पाहिलं, ती अजून फाटकाशीच होती… आणि दोघांनीही ते पाहिल्याचं नाकारलं असतं.

पाळी जानेवारीत आली. दहा दिवस पाऊस थांबला नाही आणि पेशन्सच्या मागची भातशेती पाण्याखाली गेली. सरकारने पंचायतीला एकच पंप दिला. शाळेत सभा भरली. वेनेल्डासकट वल्ह्याच्या पाच जणांनी ठरवलं, पंप आधी लिबर्टीत. इतकी वर्षं तो पेशन्सलाच जायचा ना.

ऑरिन मागून उठला. "मी रोज पाणी मोजतो. लिबर्टीत घोट्याएवढं आहे. पेशन्सच्या शेतात छातीएवढं."

"खाली बस, ऑरिन," वेनेल्डा म्हणाली. "वीस वर्षं आपण छातीएवढ्या पाण्यात उभे होतो, तेव्हा कुणी मोजलं?"

"कुणी नाही, आंटी. आणि ते चूकच होतं." तो थांबला. सगळी शाळा त्याच्याकडे बघत होती. "पण पेशन्समधून तुला सात मतं पडलीत. ती तुला मीच मोजून दिली. त्या सात घरांना मी काय सांगू?"

मागून कुणीतरी म्हणालं, "सांग की बायको शोधतोय तिथे." हशा पिकला. ऑरिनचे कान तापले, पण तो बसला नाही. वेनेल्डाने चष्मा काढून झग्याच्या टोकाने पुसला. मग म्हणाली, "पाच दिवस पेशन्स. त्यानंतर लिबर्टी. लिहून घ्या."

दुसऱ्या दिवशी डॉमिनो खेळणाऱ्यांच्या टेबलावर ऑरिनला कुणी जागा दिली नाही. तो कोकरवर एकटाच बसला होता, तेव्हा बांधावरून इंद्रानी आली. एका हातात चपला, दुसऱ्या हातात डबा, पाय चिखलाने माखलेले.

"डब्यात आभार आहेत का?" त्याने विचारलं.

"डाळपुरी आहे."

ओहोटी लागली होती. दाराचं चाक जड होतं. तिने न विचारता दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून ते फिरवलं, आणि साचलेलं पाणी धडाडत समुद्राकडे धावलं. चाकावर त्याचा हात तिच्या हातावर आला. कुणीच काढून घेतला नाही.

"ते सभेत जे म्हणाले ना…" तो म्हणाला, "ते खोटं नव्हतं."

"मला माहीत आहे. पेशन्समध्ये सगळ्यांनाच माहीत झालंय."

"मग?"

"मग आधी निवडणूक, नंतर लग्न," ती म्हणाली. "आपण दोघं दोन वेगळ्या जागांवर उभं राहायचं. कंदील नाही, वल्हं नाही. लग्न आधी केलं तर लोक म्हणतील, हिने जात बदलली. मला काही बदलायचं नाहीये, ऑरिन. मला पंचायतीच्या टेबलाशी खुर्ची हवी आहे."

पुढच्या निवडणुकीपर्यंत दोन वर्षं ते कालव्याच्या दोन्ही काठांवर घरोघर फिरले. पेशन्समध्ये त्याच्या अंगावर कुत्री सोडली, लिबर्टीत तिला "कुली" म्हणून हिणवलं. ती त्याच घरी पुन्हा गेली, तीनदा. त्यांच्या उमेदवारी अर्जांवर सही करणाऱ्यांत वेनेल्डा पहिली होती. शेवटच्या दिवशी इंद्रानीच्या वडिलांनीही पेन मागितलं.

निकाल लागला तेव्हा दुपारचं ऊन होतं. ऑरिन सव्वीस मतांनी हरला. इंद्रानी नऊ मतांनी जिंकली. चार कंदील, चार वल्ही, आणि मध्ये ती. तिच्यावाचून आता कुणाचाच ठराव पास होणार नव्हता.

ऑरिन शाळेच्या पायरीवर बसला होता. ती येऊन शेजारी टेकली.

"वाईट वाटतंय?" तिने विचारलं.

"सव्वीस मतांएवढं."

"लिबर्टीत मला एकशे चार पडलीत," ती म्हणाली. "तू मला नेलंस त्या दारांमधून." मग तिने त्याचा हात हातात घेतला, सगळ्यांसमोर. पायऱ्यांवर बद्री चाचा होते, वेनेल्डा होती, अर्धं गाव होतं.

"लग्न करतोस का माझ्याशी?"

ऑरिनने एकदा गर्दीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"हरकत नाही," तो म्हणाला.