घोटाघोटानं उतरणारा काटा

उद्यमनगरात जोतीरामच्या गॅरेजला पाटी नव्हती आणि तिची गरजही नव्हती. गळतीवाला जोतीराम म्हटलं की कुणीही पावण्याला बोट करून वाट दाखवायचं. तेल, पाणी, डिझेल, हवा, जे म्हणून गाडीतून बाहेर पडू नये आणि पडतं, ते नेमकं कुठून पडतं हे त्याला सापडायचं. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा त्यानं प्रथम श्रेणीत मिळवला होता आणि त्यानंतर एकाच गोष्टीवर श्रद्धा ठेवली होती: कमी झालेली वस्तू कुठं तरी गेलेली असते. गॅरेजात बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता. दारावर लिंबू-मिरची नव्हती. शेजारच्या लेथवाल्या दादासोला ही उणीव फार खुपायची. दादासो दर दसऱ्याला मशीनवर नारळ फोडायचा. त्याचा माल तरीही परत यायचा, पण ते वेगळं.

दोन हजार सहाच्या एप्रिलात धैर्यशीलदादांनी निळी जपानी गाडी आणून लावली. दादा मुरगूडकडचे. घरात ऊस, दूध आणि राजकारण अशी तिन्ही पिकं बारमाही असल्यामुळं त्यांना शर्यतीचा नाद परवडत होता. गाडीला टर्बो होता, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो आणि गाडी आपल्या वयाला न शोभणारं पळते. मुंबईच्या कुणा हौशी माणसानं मूळचा टर्बो काढून मोठा बसवला होता. आता मात्र पाय दाबला की गाडी शिट्टी मारायची, काळा धूर ओकायची आणि चढावर बसकण मारायची. दाबलेली हवा इंजिनापर्यंत पोचतच नव्हती.

रविवारी पन्हाळ्याच्या घाटात शर्यत होती. "न्हाय जमलं तर आत्ताच सांगा मेस्त्री," दादा म्हणाले, "पुण्याला नेतो."

हे वाक्य उद्यमनगरात कुणाच्या तोंडावर बोलू नये. गळती सापडली नाही तर पाना खाली ठेवीन आणि पुन्हा उचलणार नाही, असं जोतीराम सगळ्या गल्लीसमोर बोलून बसला. गल्लीनं ते नीट ऐकून घेतलं.

गळती शोधायची रीत साधी असते. टर्बोपासून इंजिनाच्या तोंडापर्यंतचा हवेचा रस्ता दोन्हीकडून झाकणं लावून बंद करायचा. एका झाकणाला टायरचा व्हॉल्व्ह आणि दाबाचा काटा बसवायचा. कॉम्प्रेसरनं आत हवा भरायची आणि सांध्यासांध्यावरून साबणाच्या पाण्याचा ब्रश फिरवायचा. फुगा आला की गळती सापडली. दादासोनं झाकणं कातून दिली, जोतीरामनं हवा भरली, ब्रश फिरवला.

एकही फुगा आला नाही. काटा मात्र उतरला.

त्यानं सगळे रबरी पाइप बदलले, सगळे क्लॅम्प नवे आवळले. काटा उतरला. मग एकेक तुकडा सुटा काढून पंक्चरवाल्यासारखा पाण्याच्या टाकीत बुडवला. प्रत्येक तुकडा लोट्यासारखा घट्ट. पुन्हा गाडीवर जोडले की काटा उतरायचा. दादासो लेथ बंद करून येऊन बसला. म्हणाला, तुझा काटाच खोटा असंल. त्यानं स्वतःचा आणून लावला. तोही उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोतीरामच्या एक गोष्ट लक्षात आली आणि ती आधी कशी आली नाही याची त्याला लाज वाटली. गळतीचा काटा अखंड उतरतो. भोक लहान असलं तर सावकाश, मोठं असलं तर भराभर, पण सरळ. हा उतरायचा आणि थांबायचा. उतरायचा आणि थांबायचा. त्यानं कॉम्प्रेसरची वाट कॉक फिरवून पूर्ण बंद केली. आता आत नवी हवा यायला जागाच नव्हती. काटा एक घोट उतरला, थांबला आणि केसभर वर आला.

पत्रा तापलाय, हवा फुगली असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. पत्र्यावर ओली पोती टाकली, पाइपांवर ओली फडकी गुंडाळली. काटा खाली गेला, थांबला, केसभर वर आला.

"जोत्या, ही गळती न्हाय," दादासो म्हणाला. "कोण तरी पितंय." आणि आपण काय बोललो हे कळल्यावर तो उठून लेथवर गेला. त्या दिवशी त्यानं लिंबाचा विषय काढला नाही.

जोतीरामनं व्हॉल्व्हची पिन दाबून थोडी हवा गालावर घेतली. कॉम्प्रेसरची हवा गार असते आणि तिला तेलाचा वास असतो. ही कोमट होती, ओलसर होती. ज्या गॅरेजात चहालासुद्धा डिझेलचा वास यायचा, तिथं त्या हवेला कसलाच वास नव्हता. जोतीराम गाल न पुसता बराच वेळ तसाच उभा राहिला.

दुपारी त्याची बायको रूपाली डबा घेऊन आली. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. गाड्यांतलं तिला काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. डबा ठेवता ठेवता तिची नजर काट्यावर गेली आणि तिथंच राहिली. पेशंटकडं बघतात तसं ती बघत राहिली. मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, "अहो, कोण झोपलंय?"

त्या रात्री कॉम्प्रेसर चालू ठेवूनच त्यानं शटर ओढलं. चाचणी अर्धवट आहे, असं तो घरी म्हणाला. खरं कारण वेगळं होतं. संध्याकाळी त्यानं दाब एकदा मुद्दाम कमी करून बघितला होता. काट्याचे घोट लहान झाले, जवळजवळ आले, घाईचे झाले. त्यानं ताबडतोब कॉक उघडला. घोट लांबले, सावकाश झाले. पुन्हा तसलं बघण्याचं धाडस त्याला झालं नाही. पाइपांच्या आत जे काही होतं, ते त्याच्या हवेवर होतं.

शुक्रवारी भर दुपारी लाइट गेली. तेव्हा लाइट जायची ती तासनतास जायची आणि सगळं उद्यमनगर एकदम गप्प व्हायचं. लेथ थांबले, ग्राइंडर थांबले, कॉम्प्रेसर एक उचकी देऊन थांबला. टाकीत उरली होती तेवढी हवा गाडीत जात राहिली. मग तीही संपत आली.

घोट लहान व्हायला लागले.

जोतीरामनं कोपऱ्यातला पायपंप ओढला, नळी व्हॉल्व्हला लावली आणि पाय मारायला सुरुवात केली.

नेमके तेव्हाच धैर्यशीलदादा आले. डिप्लोमा झालेला माणूस घामानं भिजून बंद गाडीत पायपंपानं हवा भरतोय, हे दृश्य त्यांनी गॉगल कपाळावर चढवून बघितलं. गळती सापडली का, त्यांनी विचारलं. जोतीरामनं नाही म्हणून मान हलवली.

"मग फोडून टाका ते पाइप. मी नवीन घालतो."

"आत हाय कोण तरी," जोतीराम म्हणाला. पाय थांबवला नाही.

दादा हसायला तोंड उघडून पुढं आले. वाकून त्यांनी काट्याकडं बघितलं. हसू तोंडात तसंच राहिलं.

जोतीरामच्या पोटरीत गोळा आला. पंप चुकला. काटा थरथरत शून्याकडं सरकला आणि घोट इतके जवळ आले की मोजता येईनात.

दादासोनं त्याला खांद्यानं बाजूला सारून पंप घेतला.

नंतर दादांनी घेतला. पांढऱ्या बुटांनी.

 तापल्या पत्र्याखाली तीन बापई गडी आळीपाळीनं पाय मारत होते. गल्लीतली माणसं चेष्टा करायला दारात आली आणि चेष्टा न करता उभी राहिली. पंपाचा भाता आणि काटा यांच्याशिवाय उद्यमनगरात काही हलत नव्हतं. जोतीरामला भीती वाटायला हवी होती. वाटत होतं ते निराळंच. आपल्या पायाखालची हवा अशा ठिकाणी जातेय जिथं जायला रस्ता नाही, आणि तिथं कुणी तरी तिची वाट बघतंय.

सूर्य शाहू मिलच्या बाजूला कलला तेव्हा लाइट आली. कॉम्प्रेसर धडधडला, जोतीरामनं त्याची नळी पुन्हा व्हॉल्व्हला लावली. काटा वर चढला, थरथरला, आणि हळूहळू एक लांब, खोल घोट उतरला. दादासो फरशीवर बसला आणि त्यानं टोपी काढून तोंड झाकलं.

"शर्यत ऱ्हाऊ द्या," धैर्यशीलदादा म्हणाले. बुटांचं वाटोळं झालं होतं, तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं. "उद्या बी लाइट जाणार. मळ्यावरचा जनरेटर लावून देतो. गाडी हितंच ऱ्हाऊ दे."

पाना खाली ठेवण्याची आठवण जोतीरामला कुणीच करून दिली नाही.

संध्याकाळी रूपाली ड्यूटीवरून परस्पर आली.  स्टूल ओढून काट्यासमोर बसली. मोठे घोट शांत पडत होते. ती उठेल म्हणून जोतीराम थांबला, पण ती आणखी पुढं वाकली.

"अहो," ती म्हणाली, "हा दुसरा आहे."

तो तिच्या खांद्यावरून वाकला. दोन मोठ्या घोटांच्या मधल्या शांततेत काटा अगदी किंचित हलत होता. भराभर, उथळ, नवशिका. मोठ्या घोटाशी त्याचा काही मेळ नव्हता.

जोतीरामनं हात लांब केला आणि कॉक आणखी पाव फेरा उघडला.