आईच्या मापाची अक्षरं

आमची पहिली भेट शिंकेनं झाली. मी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात पाय टाकला आणि तो दारातच उकिडवा बसून कुणाचातरी कॉम्प्युटर झटकत होता... सगळी धूळ माझ्या अंगावर!

"सॉरी, सॉरी! या वेळी कुणी येत नाही हो," तो धांदरटासारखा उठला.

"अशा स्वागतानंतर येणार तरी कोण?" मी शिंकत शिंकत पर्समधून डीव्हीडी काढली. "या सिनेमातल्या खालच्या ओळी, ती सबटायटल्स, मोठी करून हवीत. आईसाठी."

दोन वर्षांपूर्वी तापात आईचं ऐकणं गेलं. समोरच्याचे ओठ पाहून ती सगळं ओळखते, पण सिनेमात मेली माणसं पाठ फिरवून बोलतात! आणि खालच्या ओळी इतक्या बारीक, की चष्मा लावूनही दिसत नाहीत. हा सिनेमा ती पुन्हा पुन्हा बाबांबरोबर पाहायची, पोट धरून हसायची. आता बाबा नाहीत, आणि तिचं ते हसूही गेलं. मला निदान ते परत हवं होतं.

"नुसत्या मोठ्या केल्या तर फुटतील," तो म्हणाला. "डीव्हीडीत त्या ओळी म्हणजे चित्रं असतात. प्रत्येक अक्षर ओळखून साध्या मजकुराची फाइल करायची. मग पाहिजे तेवढं मोठं करा."

"मग करा की."

"कॉम्प्युटरला वाचता कुठं येतंय? शिकवावं लागेल." तो जरा अडखळला. "तुम्ही... बसाल शेजारी?"

झालं! माझं दवाखान्यातलं काम आटोपलं की मी त्याच्या शेजारच्या स्टुलावर. पडद्यावर एक आकार यायचा आणि कॉम्प्युटर थांबायचा: हे काय? मी सांगायची, तो टाइप करायचा.

"एकदा शिकवलं की विसरत नाही हं," मी म्हटलं. "माणसांपेक्षा बरा."

"मी कुठं काय विसरतो? परवा तुमच्या कानांत निळे खडे होते."

मी घाईघाईनं पडद्याकडे पाहिलं. कान चांगलेच तापले होते.

आणि एका संध्याकाळी कॉम्प्युटरनं काही विचारलंच नाही. तो आपला आपण वाचू लागला! ओळीमागून ओळी... कुणीतरी कुणाला थांब म्हणत होतं, कुणी रुसत होतं, चहा विचारत होतं. अख्ख्या सिनेमाचं बोलणं आमच्यासमोर उमटत होतं. माझ्या अंगावर काटा आला.

"हे... आपण शिकवलं?" मी हळूच विचारलं.

"आपण," तो म्हणाला.

रविवारी दुपारी तो घरी आला, फाइल जोडून दिली. आई टीव्हीसमोर खुर्चीत, आम्ही दोघं मागे खिडकीपाशी. पडद्यावर टपोऱ्या ओळी उमटू लागल्या. नायकानं पाठ फिरवून काहीतरी पुटपुटलं आणि... आई हसली! पोट धरून, पूर्वीसारखी. माझे डोळे वाहू लागले. किती साधी गोष्ट, आणि केवढी मोठी! मी त्याच्याकडे वळले, तर तो सिनेमा सोडून माझ्याकडेच पाहत होता.

सिनेमा संपला, पडदा काळा झाला. आई तशीच पाठमोरी बसून होती. त्याला तेवढाच धीर आला असावा.

"काम तर संपलं..." तो कुजबुजला. "आता तुम्हाला भेटायला निमित्त काय काढू?"

"निमित्त कशाला लागतंय?"

"मग सरळच विचारतो. मला तुम्ही फार आवडता. माझ्याशी... लग्न कराल?"

एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते. आज मी नुसती खिडकीची कडी चाळवत राहिले.

"अगं, विचारतोय ना तो? सांग की काहीतरी!" आई मागे न वळताच म्हणाली.

आम्ही दचकलो. समोरच्या काळ्या पडद्यात, खिडकीच्या उजेडात, आमचे दोघांचे चेहरे लख्ख दिसत होते. त्यानं तर तोंडावर हातच घेतला.

"आणि हे बघ," आई हसू दाबत म्हणाली, "इकडे तोंड करून सांग. मलाही कळू दे."

मी डोळे पुसले, पडद्यातल्या आईकडे पाहिलं आणि ओठ नीट हलवत म्हटलं, "हो."