लग्नाची अक्षत

निमिषला काही ना काही गोळा करायचा नाद आहे. फ्रिजवर मॅग्नेटना जागा उरली नाही तेव्हा त्यानं नॅशनल पार्कांचे शिक्के घ्यायला सुरुवात केली. यलोस्टोनला आम्ही शिक्क्याच्या खिडकीपुढे रांगेत उभे होतो, आणि ज्या गरम पाण्याच्या कारंज्यासाठी लोक जगभरातून येतात ते तेवढ्यात उडून संपलं. त्यामुळे जपानला, क्योतोला जायचं ठरलं आणि तिथल्या देवळांतही शिक्के मिळतात हे नवऱ्याला कळलं, तेव्हा माझ्या सुट्टीचं काय होणार ते मला तिकिटं काढतानाच कळून चुकलं.

तिथले शिक्के मात्र देखणे असतात. घडीच्या जाड कागदांची, रेशमी पुठ्ठ्याची वही मिळते. देवळातला पुजारी तिच्या पानावर ब्रशनं काळी अक्षरं काढतो, वर शेंदरी मोहोर उमटवतो आणि ओली शाई फिसकटू नये म्हणून मध्ये टिपकागद घालून देतो. दर्शन घेतल्याची ती खूण. आधी हात जोडायचे, मग वही पुढे करायची, असा रिवाज आहे.

निघायच्या आधी समोरच्या वसुधाकाकूंनी बोलावलं. मी अमेरिकेत, शॉमबर्गला आले तेव्हा माझ्याकडे ना नोकरी होती ना लायसन्स. काकूंनी मला त्यांच्या जुन्या कॅम्रीवर ड्रायव्हिंग शिकवलं. मी त्यांच्या मेलबॉक्सवर गाडी घातली तेव्हा त्या फक्त म्हणाल्या, ‘‘तो तसाही बदलायचाच होता.’’ अशी बाई. काका गेल्यापासून त्या मुलाकडे, राजीवकडे राहतात. गुडघे गेलेत. आणि सप्टेंबरात नातीचं, आरोहीचं लग्न होतं.

काकूंनी माझ्या हातात औषधाची नारिंगी बाटली ठेवली, फार्मसीचं लेबल खरवडून काढलेली. आत कुंकवात माखलेले तांदूळ होते.

‘‘अमेरिकेला यायच्या आधी आम्ही वर्षभर क्योतोत होतो, ह्यांच्या रिसर्चसाठी,’’ काकू म्हणाल्या. ‘‘घराजवळ एक चढ होता, वर पिवळ्या पानांचं मोठं झाड, त्याखाली छोटंसं देऊळ. मी रोज जायचे. राजीव तेव्हाच पोटात राहिला. म्हणून लग्नाची पहिली अक्षत त्याला. चार दाणे ठेवायचे आणि म्हणायचं, आरोहीच्या लग्नाला यायचं. बस.’’

‘‘काकू, त्याच्या व्हिसाचं काय?’’ निमिषनं विचारलं.

त्या हसल्या. ‘‘चेष्टा कर. अक्षत मिळाली की यावंच लागतं रे. माणसाला काय आणि देवाला काय, नाही म्हणता येत नाही.’’

चिठ्ठीवर त्यांनी देवळाचं नाव लिहून दिलं. मला फोनवर शोधायला दोन मिनिटं लागली. देऊळ होतं, झाडही होतं.

आम्ही तिथे गेलो नाही.

क्योतोत निमिषनं वेगळीच पद्धत बसवली. देवळात शिरलं की आधी वही द्यायची, नंबर घ्यायचा, आणि लिहून होईपर्यंत पुढच्या देवळाची बस शोधायची. गाभाऱ्याकडे आम्ही पाहायचो ते फोटोपुरतं. मी दोनतीनदा चपला काढून आत गेले, तर हा बाहेरून हाक मारायचा. काकूंचं देऊळ रोज उद्यावर जात राहिलं. शेवटी त्यानं फोनवर वाचून दाखवलं की तिथे आता हातानं लिहून मिळत नाही, आधीच छापलेला कागद देतात. ‘‘त्याच्यासाठी एवढा चढ चढायचा? कमॉन यार, उत्तरा!’’

मीही दमले होते. मी वाद घातला नाही.

शेवटच्या सकाळी बॅग भरताना बाटली सापडली. टॅक्सी खाली येऊन उभी होती. हॉटेलच्या मागे पार्किंग लॉट होता, आणि त्याच्या कोपऱ्यात, भिंत आणि कोल्ड्रिंकचं मशीन यांच्या मधल्या फटीत, गुडघ्याएवढं एक लाकडी देऊळ. लाकूड राखाडी पडलेलं. फूल नाही, पाण्याची वाटी नाही, नाव नाही. आसपासच्या कोपऱ्यांवरच्या अशा देवळांना कोणी ना कोणी ताजं फूल वाहिलेलं असायचं. याच्याकडे कोणी फिरकत नसावं.

‘‘देव एकच असतो,’’ निमिष म्हणाला आणि त्यानं अख्खी बाटली त्या पायरीवर उपडी केली. ‘‘आरोहीच्या लग्नाला या. शॉमबर्ग, इलिनॉय. आमच्याकडेच उतरा!’’

मी हसले. हे लिहायला लाज वाटते, पण मी खरंच हसले. निघताना वळून पाहिलं तर त्या देवळाचं दार बोटभर उघडं होतं. आधी ते बंद होतं असं मला वाटत होतं, पण मी नीट पाहिलं नव्हतं.

परत आल्यावर काकूंनी आधी शिक्काच मागितला. निमिषनं वहीतलं सगळ्यात सुंदर पान उघडलं. ते एका प्रसिद्ध देवळाचं होतं, रांग लावून मिळवलेलं. काकूंना ती अक्षरं वाचता येत नाहीत हे त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं.

काकूंनी पानावरून हात फिरवला. ‘‘ते झाड आहे ना गं अजून? आणि माझा नमस्कार सांगितलास?’’

‘‘हो,’’ मी म्हणाले.

त्यांनी वही लग्नापर्यंत ठेवून घेतली. देव्हाऱ्यात, तेच पान उघडं ठेवून. मी केव्हाही गेले की त्या पानापुढे समई तेवत असायची, आणि मी चहा नको म्हणून पाच मिनिटांत उठायचे.

पहिला दाणा मे महिन्यात दिसला. आमच्या ड्राइव्हवेवर, लाल. बॅगेतून सांडला असेल असं मी म्हटलं, पण बॅगा येऊन बरेच दिवस झाले होते आणि मधे पाऊसही पडून गेला होता. जूनमध्ये दोन दाणे पायपुसण्यावर. जुलैत जिन्यावर. मी ते व्हॅक्यूम करून टाकले आणि निमिषला सांगितलं. तो म्हणाला, ‘‘तुझ्या देवघरातले असतील.’’ माझ्या देवघरात अक्षता नव्हत्या.

ऑगस्टात गेस्टरूममध्ये वास यायला लागला. ओल्या लाकडाचा, आणि खूप जुन्या उदबत्तीचा. निमिषनं प्लंबर बोलावला. प्लंबरनं भिंती तपासल्या, कुठेही ओल नाही म्हणाला. तो गेल्यावर मी पलंगावरची चादर सरळ केली. मधोमध ती दबलेली होती आणि हाताला गार लागली.

त्यानंतर आम्ही त्या खोलीचं दार लावून घेतलं. एकमेकांशी तो विषय काढला नाही. खरं तर दोघांनाही माहीत होतं की हे निस्तरायचं तर सुरुवात काकूंच्या खोलीत, त्या खोट्या पानापासून करावी लागेल. त्यापेक्षा वास परवडला.

लग्न सकाळी होतं, हॉटेलच्या मोठ्या हॉलमध्ये. कार्पेट साफ करायला त्रास होतो म्हणून हॉटेलनं तांदूळ उधळायला सक्त मनाई केली होती. अक्षतांऐवजी सगळ्यांना गुलाबाच्या पाकळ्या वाटल्या होत्या. काकू पहिल्या रांगेत नऊवारी नेसून बसल्या होत्या आणि शेजारची खुर्ची त्यांनी कोणाला बसू दिली नव्हती. काकांची आठवण असेल असं सगळ्यांना वाटलं. मंगलाष्टकं चालू असताना मी पाहिलं, काकू त्या रिकाम्या खुर्चीकडे वाकून काहीतरी बोलत होत्या. मग त्यांनी मागे वळून आमच्या दिशेनं बोट दाखवलं आणि छान हसल्या.

मीही हात हलवला.

आरोहीनं नवऱ्यामुलाच्या, वेदच्या गळ्यात हार घातला, पाकळ्या उडाल्या, लोक जेवायला गेले. मी काकूंची पर्स घ्यायला पुढे गेले तेव्हा शेजारच्या खुर्चीवर पाकळी एकही नव्हती. लाल तांदूळ होते. आणि तिथून कार्पेटवर एकेक दाणा मागे गेला होता, आम्ही बसलो होतो त्या रांगेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही काकूंकडे गेलो. राजीव पाहुण्यांना विमानतळावर सोडायला गेला होता. काकू एकट्याच होत्या, आणि त्यांचा चेहरा उतरला होता.

‘‘आला होता गं तो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माझ्या शेजारीच बसला. माझं मोडकंतोडकं जपानी कळलं त्याला. पण मला ओळखलं नाही. वर्षभर रोज गेले, पोर मागितलं, त्यानं दिलं. आणि काल मी नाव सांगितलं तर नुसता बघत राहिला.’’ त्यांनी पदरानं डोळे पुसले. ‘‘पन्नास वर्षांत गेले नाही ना मी. विसरला असेल.’’

समई तेवत होती. वहीच्या त्या पानावर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती, रोजच्या रोज वाहिलेली.

निमिष जमिनीकडे बघत होता. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

‘‘काकू, आम्ही त्या देवळात गेलोच नाही,’’ मी म्हणाले. ‘‘हे पान दुसरीकडचं आहे. अक्षत आम्ही हॉटेलच्या मागे एका... आम्हाला माहीत नाही कोणाचं होतं ते.’’

काकू चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एक मोठा श्वास सोडला, आणि त्यांचा चेहरा, देवाशप्पथ सांगते, मोकळा झाला.

‘‘म्हणजे तो मला विसरला नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्याला बोलावलंच नव्हतं.’’

मग त्यांनी समई शांत केली. वही मिटून निमिषच्या हातात दिली. ती देताना त्यांनी बोटं मागे घेतली, त्याच्या हाताला लागू नयेत म्हणून.

‘‘एकच गोष्ट विचारत होता तो सारखी,’’ काकू म्हणाल्या. ‘‘मला अक्षत कोणी दिली. मला वाटलं, आशीर्वाद द्यायचा असेल.’’

‘‘मग?’’ निमिषनं विचारलं.

‘‘मी तुमच्याकडे बोट दाखवलं.’’

आम्ही रस्ता ओलांडून घरी आलो. लख्ख ऊन होतं. शेजारी कोणीतरी लॉन कापत होतं.

घरात वास नव्हता. जिना चढताना मी हुंगत चढले. नव्हताच.

गेस्टरूमचं दार सताड उघडं होतं. चादर सपाट, कोरडी.

‘‘गेला,’’ निमिष म्हणाला. ‘‘लग्न झालं, गेला.’’ त्यानं वही छातीशी धरली होती.

मीही तेच म्हणणार होते. तेवढ्यात मला आमच्या बेडरूममधला पलंग दिसला. सकाळी मीच तो आवरला होता.

माझ्या उशीवर चार दाणे होते, लाल. नीट एका ओळीत ठेवलेले.

त्याच्या उशीवर चार.

मी एक दाणा उचलला. कुंकू अजून ओलं होतं.